एकही चादर खराब झाली नाही

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी भिंगरी आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर होती. दवाखान्यातून फोन आला तेव्हा समोर एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या कोटाचं एक बटण गेलं होतं आणि ते आमच्याकडेच गेलं असं त्यांचं म्हणणं होतं. भिंगरीने फोन कानाला लावला, दुसऱ्या हाताने सापडलेल्या बटणांची बरणी काउंटरवर उपडी केली आणि त्यांना खुणेनेच सांगितलं, शोधा. त्या शोधत राहिल्या. भिंगरी फोनवर "हो", "बरं", "कळलं" एवढंच बोलली. फोन ठेवल्यावर तिने स्वतःच ढिगातून एक बटण उचललं, कोटाला लावून पाहिलं. जुळलं.

"उद्या या. शिवून ठेवते," ती म्हणाली.

मी मागे कपड्यांना चिठ्ठ्या लावत होतो. ती आत आली आणि म्हणाली, "बाबा, आकडा उतरला."

आकडा म्हणजे रक्तातला. दवाखान्यात तयार केलेला गर्भ पोटात सोडल्यानंतर पहिल्या तपासणीत तो चांगला आला होता. गर्भ रुजला असेल तर दोन-तीन दिवसांत तो दुप्पट होतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तेव्हापासून घरात सगळे हळू आवाजात बोलत होते, जणू मोठ्याने बोललं तर आकडा दचकेल. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, कुणाला सांगू नका असं बजावून बहुतेक सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"बस जरा," मी म्हणालो.

"बसून काय होणार? ते बटण लावते. नाहीतर ती बाई उद्या परत भांडेल."

तिने बटण लावलं. दोरा दाताने तोडला. मग मागच्या धुण्याच्या जागेत गेली आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता. आमच्या घरात नळ चालू असला की मागे कुणी जात नाही. ही सवय तिच्या आईने लावलेली. ती जाऊन वर्ष उलटून गेलं, तरी सवय आहे.

त्या दिवशी मात्र सून, माझ्या धाकट्या मुलाची बायको, मागे गेली. साबण संपला होता म्हणून गेली. तिला आमच्याकडे येऊन बरीच वर्षं झाली आहेत, इस्त्रीचं सगळं काम तीच बघते, पण ती काही लाँड्रीवाल्यांच्या घरातली नव्हे. तिने काय पाहिलं ते तिने मला पुढे सांगितलं, तसं लिहितो. बादलीत तिने घरून आणलेली चादर होती आणि पाणी लाल होतं. सून म्हणाली, "ताई, हे इतकं? डॉक्टरांना फोन करूया."

भिंगरी म्हणाली, "केलाय. पडून गेल्यावर जातंच म्हणाल्या. आणि मला नेहमीच इतकं जातं."

"दर महिन्याला?"

"मग काय वर्षातून एकदा? सरक, गार पाण्याची बादली दे. गरम नको हं. गरम पाण्यात रक्त शिजतं, मग तो डाग जन्माचा."

सुनेने बादली दिली. चादर पिळताना भिंगरीने एक हात नळावर टेकला आणि डोळे मिटून उभी राहिली. सून म्हणते, "बाबा, मला एक पोरगी झाली. नऊ महिन्यांत एकदा उलटीसुद्धा झाली नाही. त्या दिवशी मला त्याचीच लाज वाटली."

जावई लिफ्ट दुरुस्त करतात. ते त्या वेळी एका इमारतीत लिफ्टच्या डब्यावर उभे होते, दोन मजल्यांच्या मध्ये. वर तारा, भोवती काळोख, आणि खालच्या मजल्यावरचे लोक किती वेळ लागेल म्हणून ओरडतायत. खिशात फोन वाजला. हाताला ग्रीस होतं, म्हणून घेतला नाही. परत वाजला. मग वाजलाच नाही.

"तेव्हाच कळलं," ते मला म्हणाले. "चांगली बातमी असती तर ती वाजवत राहिली असती."

काम संपलं होतं तरी ते तिथेच उभे राहिले. शेवटी खालून एका म्हातारबांनी हाक मारली, "अहो, आहात का वर, का गेलात?"

"आहे," जावई म्हणाले. आणि खाली आले.

त्या आठवड्यात आमचा बॉयलर उघडून ठेवला होता. आतला क्षार खरवडायला माणूस आला होता आणि त्याने एका दिवसाचं काम आठवडाभर पुरवलं. बॉयलर नाही म्हणजे वाफ नाही, वाफ नाही म्हणजे मोठ्या चादरींची मशीन बंद. एका हॉटेलच्या चादरी धुवून, वाळून पडल्या होत्या. त्या हाताने घड्या घालून द्यायच्या होत्या. म्हणून बंदच्या दिवशीही आम्ही सगळे दुकानात होतो. जावई आणि विहीणबाई भेटायला आले ते घरी न जाता सरळ तिथेच आले.

मोठी चादर एकट्याला घडी करता येत नाही. दोघं लागतात. दोन टोकं तू धर, दोन मी धरतो, ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकं जुळवायची, परत मागे जायचं. आमच्या घरातली सगळी महत्त्वाची भांडणं चादरींवर झालेली आहेत. धाकट्याचं लग्नही चादरींवरच ठरलं. कारण हात गुंतलेले असतात, आणि चादर हातात असताना माणूस उठून जात नाही, असा आमच्यात नियम आहे. घडी पूर्ण करायची, मग कुठे जायचं तिथे जा.

जावई आणि धाकटा एका चादरीला होते, मी आणि विहीणबाई दुसरीला. भिंगरी खुर्चीवर बसून उशांचे अभ्रे रचत होती. सून झालेल्या घड्यांचे गठ्ठे बांधत होती.

"भावोजी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळ्यांसमोर एकदाच सांगा," धाकटा म्हणाला. "मला एक कळतं, हिला दुसरंच कळतं."

"एक गर्भ अजून आहे त्यांच्याकडे. गोठवलेला," जावई म्हणाले. "चांगला आहे म्हणतात. आता काही महिने इंजेक्शनं देऊन पाळी बंद ठेवायची. आतला दाह कमी होतो. मग तो सोडायचा."

"दाह नेमका कशाचा?"

"अरे बाबा," विहीणबाई म्हणाल्या. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन कितीतरी काळ झाला, पण आवाज अजून परगावचा कॉल जोडल्यासारखा. "गर्भाशयाच्या आत अस्तर असतं ना? तसलंच हिचं बाहेर वाढलंय. अंडाशयावर, आतड्यावर. पाळी आली की तेही रक्त सोडतं. आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. मग गाठी होतात, सगळं एकमेकांना चिकटतं."

"आता गल्लीच्या टोकापर्यंत कळलं," भिंगरी म्हणाली.

"कळू दे. गल्लीत काय बायका राहत नाहीत?"

"म्हणजे कोटाचं अस्तर कोटाच्या बाहेर शिवल्यासारखं," धाकटा म्हणाला.

"हो. आणि दर महिन्याला कोट पिळायचा," भिंगरी म्हणाली.

धाकट्याने टोकं जुळवली. "आणि दुसरा काही उपाय? परत अंडी काढून?"

"काढता येतील. पण गाठींनी साठाच कमी झालाय. मागच्या वेळी निघाली तीच थोडी होती, त्यातले दोन गर्भ टिकले. एक हा गेला." जावई थांबले. "नाहीतर दुसऱ्या कुणाची अंडी घेतात. दत्तकाचंही बोलल्या त्या. पण आधी हा आहे तो सोडून बघू, असं मला वाटतं. तो तिथे असताना बाकीचं बोलायचंच कशाला?"

"बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "एक आहे ना हातात? मग तो आधी."

"मलाही तसंच वाटतं," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

विहीणबाई काही बोलल्या नाहीत. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

भिंगरीने अभ्रा बाजूला ठेवला. "त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. ते तुम्ही सांगितलंच नाही."

"ते आपण दोघांनी बोलायचं ठरलं होतं," जावई म्हणाले.

"दोघांत बोलून संपत नाहीये. म्हणून इथे बोलते." ती आमच्याकडे वळली. "ऑपरेशन. दुर्बिणीतून आतलं सगळं सोलून काढायचं, आतड्यावरचंसुद्धा. पिशवीच्या भिंतीतही ते शिरलंय, म्हणून पिशवीही काढायची. मला ते करायचंय."

"पिशवी काढली की संपलंच ना, ताई!" धाकटा म्हणाला.

"दुखणं संपेल."

"संपेलच असं त्या म्हणाल्या नाहीत," जावई म्हणाले. "नीट सांग. बऱ्याच जणींना बरं वाटतं म्हणाल्या. काहींना परत त्रास होतो."

"मग मी बऱ्याच जणींतली असेन अशी आशा धरते. तुम्ही नाही का धरली आशा इतकी वर्षं?"

सून पुढे झाली आणि धाकट्याच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली. "तुम्ही गठ्ठे गाडीत ठेवा," ती त्याला म्हणाली. तो गेला नाही, नुसता मागे सरकून उभा राहिला.

"पण ताई," तो म्हणाला, "तुला इतका त्रास होतो हे आम्हाला कधी दिसलंच नाही. पोट दुखतं एवढं माहीत होतं. पोट काय, सगळ्यांचंच दुखतं."

"दिसणार कसं? या घरात काही दिसू देतात का?" ती म्हणाली. "शाळेत असताना मी वर्गात चक्कर येऊन पडले होते, आठवतं? आई मला आपल्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, रक्त फार जातं का? आई म्हणाली, बेताचं. ते म्हणाले, बेताचं म्हणजे किती? रात्री चादर खराब होते का? आई म्हणाली, एकही चादर खराब झाली नाही."

"मग?" विहीणबाईंनी विचारलं.

"मग काय? ते म्हणाले, मग काळजी नाही, वयाप्रमाणे होईल ठीक. आई खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे चादर खराब होतच नाही. मी पहाटे उठायची, ती उठायची, दोघी मिळून धुवायचो. उजाडायच्या आत दोरीवर. ती चादर बघून कुणी सांगू शकलं नसतं. आईला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगू, मलाही होता. त्यानंतर मला जो जो डॉक्टर विचारायचा, मीही तेच सांगायची. एकही नाही."

आमचा धंदा डाग काढायचा. तिची आई त्या कामात इतकी हुशार होती की लांबलांबून लोक कपडे घेऊन यायचे. तिला कुणी विचारलं असतं की किती डाग पडले, तर तिने सांगितलं असतं. डॉक्टरांनी किती राहिले ते विचारलं.

विहीणबाईंनी आमची चादर घडी करून गठ्ठ्यावर ठेवली आणि हात झटकले. "मी बोलू का?"

"आई, तू नको," जावई म्हणाले.

"मला नातवंड हवंय. नको कशाला म्हणू? आरशात बघून खोटं बोलता येत नाही, इथे तर सगळे आहेत. पण तू सकाळी कामाला जातोस, त्यानंतर ही भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत येते. मी बघते. आणि दुपारी इथे येऊन लोकांच्या कोटाला बटणं लावते. तू संध्याकाळी येतोस तेव्हा ही वेणी घालून बसलेली असते. तुला वाटतं बरी आहे."

"म्हणजे तूही हिच्याच बाजूने?"

"बाजू कसली? माझ्या घरात चालते ती. मला दिसतं. एवढंच सांगितलं."

जावयांनी सुनेच्या समोरची टोकं तशीच धरली होती. चादर दोघांच्या मध्ये लोंबत होती. भिंगरी उठली. सुनेच्या हातातून टोकं घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "ताणा."

त्यांनी ताणली.

"काही महिन्यांचा प्रश्न आहे," ते म्हणाले, आवाज खाली आणून. "तो एक सोडू. झालं तर झालं. नाहीतर मग तू म्हणशील ते ऑपरेशन. मी शब्द देतो."

"काही महिने कुणाचे?"

"आपले."

"माझ्या पोटातून जायचेत ते. आणि परत आकडा चढेल, परत उतरेल. तुम्ही लिफ्टवाले, तुम्हाला चढ-उताराची सवय आहे. मला नाही."

"हे लागेल असं का बोलतेस?"

"लागावं म्हणूनच."

त्या वेळी सून बोलली. ती गठ्ठ्याला दोरी बांधत होती, वर न बघताच म्हणाली, "ताईंनी ऑपरेशन करून घ्यावं. तो गर्भ मी ठेवते. माझ्या पोटात."

आवाज इतका साधा होता की मला आधी वाटलं, ती गठ्ठ्याबद्दल बोलतेय.

"काय?" धाकटा म्हणाला.

"दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवतात ना? माझं सगळं नीट आहे. मला एक मूल झालंय, त्रास झाला नाही. मूल ताईंचं आणि भावोजींचंच राहील. मी नुसतं वाढवून देईन."

"माझ्याशी एका शब्दाने बोललीस?"

"आता बोलतेय ना?"

"असं बोलतात? सगळ्या घरासमोर?"

"तुमच्या घरात सगळं चादरींवरच बोलतात," सून म्हणाली. "मला वाटलं, हीच जागा."

मी भिंगरीकडे पाहिलं. मला वाटलं, ती रडेल, तिला मिठी मारेल. तिचा चेहरा मात्र घट्ट झाला. "तुला काय वाटलं, मला हे सुचलं नसेल? मी मुद्दाम मनात येऊ दिलं नाही," ती सुनेला म्हणाली. "मी रोज तुझ्यासमोर बसणार, तू पोटावर हात ठेवून इस्त्री करणार, आणि मी तुला धन्यवाद म्हणणार? किती वर्षं?"

"धन्यवाद कोण मागतंय?"

"तू नाही मागणार. म्हणूनच जड आहे."

जावई इतका वेळ सुनेकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते मला दिसलं आणि भिंगरीलाही दिसलं. आशा आली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"बघा," भिंगरी म्हणाली, "उजळले लगेच."

त्यांनी हातातली टोकं सोडली. चादर फरशीवर पडली. ते दार उघडून बाहेर गेले.

आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. सगळे त्या चादरीकडे बघत राहिलो. मग धाकटा त्यांच्या मागे गेला. समजूत घालायला गेला असेल असं वाटलं, पण तो भांडायला गेला होता.

बाहेर काय झालं ते धाकट्याने मला सांगितलं. जावई आमच्या व्हॅनच्या मागच्या पायरीवर बसले होते. धाकटा म्हणाला, "खरं सांगा भावोजी. हिच्याशी आधी बोलला होता तुम्ही?"

"शप्पथ नाही. तुझ्या बायकोकडे मी चहा मागतानाही दोनदा विचार करतो."

"ते कराच. साखर घालत नाही ती."

"मला माहीत आहे."

धाकटा बाजूला बसला. रागाने आला होता, पण राग कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. तो मला नंतर म्हणाला, "बाबा, मला भीती वाटली हो. हिला काही झालं तर? माझी पोरगी आहे. आणि नाही म्हणालो तर ताईचा मीच गुन्हेगार. हो म्हणालो तर नऊ महिने जीव मुठीत. हिने बोलण्याआधी मला एकदा तरी विचारायचं." त्याने हे जावयांना सांगितलं नाही. त्यांना एवढंच म्हणाला, "तुम्ही आत चला. टाकून गेलात ते बरं दिसलं नाही."

जावई म्हणाले, "माझंही गेलं रे. पहिला रिपोर्ट आला तेव्हापासून दुसरा येईपर्यंत मी बाप होतो. कामावर सगळ्यांना सांगितलं होतं. आता कुणी विचारलं की मी म्हणतो, तिची तब्येत बरी आहे. माझ्या पोटात काही नव्हतं, म्हणून माझं काही गेलं असं कुणी धरत नाही. आणि तिच्यासमोर मी हे बोलू कसा? तिला आधीच इतकं आहे."

धाकटा थोडा जवळ सरकला. तो म्हणाला, "मग माझ्याशी बोला."

"बोललो की."

आत मी फरशीवरची टोकं उचलली होती. भिंगरी तिची टोकं धरून तशीच उभी होती, तिने सोडली नव्हती. आम्ही दोघांनी चादर झटकली. खाली पडली म्हणून ती परत धुवायला जाणार होती, हे दोघांनाही माहीत होतं. तरी घडी घातली.

टोकं जुळवायला ती माझ्याजवळ आली तेव्हा तिने हळूच विचारलं, "बाबा, आईलाही हेच होतं का?"

"माहीत नाही."

"तिला माझ्यानंतर किती वर्षांनी धाकटा झाला. मधे काही होत नव्हतं, असं मावशी म्हणायची."

"हो. नव्हतं होत."

"दुखायचं तिला?"

मी आठवून पाहिलं. ती पहाटे उठायची. मी उठायच्या आधी नळ चालू असायचा. दोरीवर चादर असायची. मला वाटायचं, कामाची बाई, लवकर उठते. "तिने कधी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही," भिंगरी म्हणाली. "रोज दोघी एका बादलीशी बसायचो, आणि तिने मला सांगितलं नाही की तिलाही आहे. नसेलही. आता कुणाला विचारायचं?"

तिने टोकं माझ्या हातात दिली. मी शेवटची घडी घातली. तिची आई असती तर हे सगळं तिच्याशी बोलणं झालं असतं, माझ्याशी नाही. मला हे बोलता येत नाही. पण आता विचारायला मीच राहिलोय.

विहीणबाई मधे पडल्या. "भाऊ, तुमच्याकडे चहा मिळतो, का नुसत्याच चादरी?"

सुनेने चहा ठेवला. जावई आणि धाकटा परत आत आले. जावयांनी भिंगरीकडे न बघता कप घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. धाकटा म्हणाला, "सांगितलं होतं ना?" सून म्हणाली, "काय सांगितलं होतं?" दोघांनीही कप तोंडाला लावले. भिंगरी हसली. अगदी थोडं, पण हसली.

मग जावई म्हणाले, "ऑपरेशनची तारीख घे."

ती त्यांच्याकडे वळली.

"मनापासून म्हणताय?"

"मनापासून कुठून म्हणू? मन तिकडे त्या शीतपेटीत आहे. पण मला संध्याकाळची वेणीच दिसत होती. आई म्हणाली ते मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं, तर मी तुला थांब कसं म्हणू?" त्यांनी कप खाली ठेवला. "एकच सांगतो. तो तिथे आहे तो टाकून द्या, असं दवाखान्याला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"आणि त्यांना हो म्हणायचं का," त्यांनी सुनेकडे हात केला, "ते मी विचारणार नाही. तू ठरव."

"मी एकटीने का ठरवायचं? गर्भ दोघांचा आहे. पोट हिचं आहे. आणि हा बघा कसा बसलाय." तिने भावाकडे बोट केलं. धाकटा कपात बघत होता. "चौघांनी ठरवायचं आहे ते. मला आत्ता ठरवता येत नाही. मला आधी थोडं नीट चालू दे."

"चाल," जावई म्हणाले.

सून म्हणाली, "मी बोलले ते बोलले. मागे घेत नाही. आणि आठवणही करून देणार नाही."

"बघ," भिंगरी म्हणाली, "म्हणाले होते ना, हेच जड आहे." पण या वेळी तिने सुनेच्या हातावर हात ठेवला, आणि सुनेने तो काढला नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली. आतड्याचे डॉक्टरही त्या दिवशी हजर राहणार आहेत. डॉक्टरीणबाईंनी परत एकदा सगळं समजावलं, काय निघेल, काय राहू शकतं, गोळ्या किती काळ घ्याव्या लागतील. या वेळी रक्ताचं विचारलं तेव्हा भिंगरीने खरं सांगितलं. आपण किती चादरी धुतो ते सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, मग म्हणाल्या, हे मला आधी कळायला हवं होतं. भिंगरी म्हणाली, मलाही.

सोबत जावई जाणार आहेत आणि मी जाणार आहे. विहीणबाईंना राहवत नाही, म्हणून त्याही येतील. दुकान सून आणि धाकटा बघतील. दोघं आता एकमेकांशी बोलतात, पण त्या विषयावर नाही. त्यांच्यात काय चाललंय ते मी विचारलेलं नाही.

दवाखान्यातून एकदा फोन आला होता, त्या गर्भाचं काय करायचं ते सांगा म्हणून. भिंगरी "कळवते" म्हणाली. ऑपरेशन होईल. सुनेला कुणी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. दवाखान्याला अजून काही कळवलेलं नाही.